नायट्रोला एक दिवस, खोपोली-पालीला दुसरा

खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ इमॅजिका हा थीम पार्क आहे. तिथे जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा बेत एकाच जागी फसतो: सकाळी महडचा वरदविनायक, दुपारी पार्क, परतताना पालीचा बल्लाळेश्वर. नकाशावर हे सगळं एका दिवसात बसतं. प्रत्यक्षात दर्शन आटपून पार्कात शिरेपर्यंत दुपार झालेली असते, नायट्रो या तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत तोवर शे-दोनशे माणसं असतात, आणि संध्याकाळी पाली गाठायचं म्हणून पार्क अर्धवट सोडावा लागतो. तिकीट पूर्ण दिवसाचं असतं, तेव्हा दिवसही पूर्ण द्या. आजूबाजूच्या परिसराला दुसरा दिवस ठेवा. तो तेवढा समृद्ध आहे.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. शनिवार-रविवार टाळा, नाताळ ते नववर्ष हा आठवडा तर नक्कीच टाळा. आठवड्याच्या मधल्या वारी मोकळं मिळेल असं मात्र धरून चालू नका. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली याच दिवसांत येतात आणि एकेका सहलीत चार-पाच बसगाड्या भरून मुलं असतात. जाण्याआधी पार्कच्या चौकशी क्रमांकावर दोनच प्रश्न विचारा: त्या दिवशी सहलींची नोंदणी किती आहे, आणि नायट्रो चालू आहे ना. मोठ्या राइड्स देखभालीसाठी अधूनमधून बंद ठेवतात. हे तिकीट काढल्यावर कळून उपयोग नाही.

एप्रिल-मेमध्ये ऊन फार. रांगा छपराखाली असल्या तरी एका राइडपासून दुसरीपर्यंतचं चालणं उन्हातूनच होतं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा दिवसदिवस भिजत असतो. जोराचा पाऊस, वीज किंवा सोसाट्याचा वारा आला की उघड्यावरच्या सगळ्या राइड्स थांबवतात आणि पाऊस ओसरल्यावरही लगेच सुरू करत नाहीत. आधी रिकामी गाडी फिरवून पाहतात. जुलैत जायचंच असेल तर छपराखालच्या गोष्टींवर भर ठेवा: सलीमगढ, अलीबाबा, मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया, रॅथ ऑफ द गॉड्स आणि डीप स्पेस. नायट्रो मिळाली तर वरकमाई समजा.

पोहोचायचं कसं

मुंबईहून द्रुतगती महामार्गाने आलात तर खालापूर टोलनाक्याच्या आसपास खोपोली-पालीकडे उतरायचा फाटा आहे. गाडी आधीच डावीकडच्या मार्गिकेत घ्या. हा फाटा चुकला तर घाट चढून वर जाऊन परत यायची पाळी येऊ शकते. पुण्याहून येताना घाट उतरल्यावर खोपोलीकडे बाहेर पडा. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, म्हणून बाइकवाल्यांनी पनवेल-चौक-खालापूर या जुन्या महामार्गानेच यावं. महड याच रस्त्यालगत आहे.

रेल्वेने यायचं तर खोपोली स्थानक. सीएसएमटीहून थेट खोपोली लोकल मोजक्याच आहेत, प्रवास सुमारे अडीच तासांचा. ती चुकली तर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरायची. कर्जत-खोपोली गाड्या दाट नाहीत, म्हणून घरातून निघतानाच परतीच्या दोन वेळा टिपून ठेवा. पुण्याकडच्या गाड्या खोपोलीला येत नाहीत. खोपोली ही शाखेच्या टोकाची जागा आहे, घाटाचा मार्ग तिच्या आधीच वेगळा होतो. पुणेकरांनी लोणावळ्यापर्यंत रेल्वेने येऊन पुढे एसटीने घाट उतरावा किंवा थेट रस्त्यानेच यावं. खोपोलीहून पार्कपर्यंत रिक्षा मिळते. पालीकडे जाणारी एसटीही याच रस्त्याने जाते, पण चढण्याआधी ती इमॅजिकाच्या फाट्यावर थांबणार का हे वाहकाला विचारून घ्या.

नायट्रो: नेमकं काय आहे

पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाला आणि नायट्रोही त्याच वर्षीची. बोलिजर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने ती बनवली. उंची सुमारे ४० मीटर, रुळांची लांबी साधारण ८५० मीटर, आणि वाटेत माणूस पाच वेळा उलटा होतो. वेग ताशी १०५ किलोमीटर सांगतात. ४० मीटरवरून घर्षण अजिबात न धरता खाली आलं तरी गणित ताशी १०१ च्या आसपास येतं, तेव्हा शंभर धरा. पायाखाली काही नसताना शंभरही भरपूर वाटतो.

ही ‘फ्लोअरलेस’ जातीची गाडी आहे. एका रांगेत चारजण बसतात आणि डब्याला तळ नसतो. तुम्ही चढता तेव्हा पायाखाली फलाटाची जमीन असते. सगळ्यांचे खांद्यावरचे बार तपासून झाले की ही जमीन सरकून बाजूला जाते, समोरचं फाटक उघडतं आणि पाय हवेत लोंबकळतात. त्यामुळे पादत्राणांचा प्रश्न इथे इतर राइड्सपेक्षा मोठा. पट्टा नसलेली चप्पल पहिल्याच उतारावर जाते आणि खाली कुंपणाआड पडते. गाड्या चालू असताना तिथे कोणी उतरत नाही, म्हणजे चप्पल मिळालीच तर संध्याकाळी. नाडीचे बूट किंवा टाचेमागे पट्टा असलेली सँडल घाला. कर्मचारी सांगतील तिथे अनवाणी बसा.

गाडीला इंजिन नाही. साखळी तिला चढावरून वर नेते आणि तिथून पुढचं सगळं काम उतारावर मिळालेल्या वेगाचं. म्हणून वळणं आणि गिरक्या पुढे पुढे बुटक्या होत जातात. उभा लूप नीट पाहिलात तर तो वर अरुंद आणि खाली पसरट, थेंबासारखा दिसेल. पूर्ण गोल ठेवला असता तर लूपमध्ये शिरतानाच मानेवर एकदम प्रचंड भार आला असता. वळणाची त्रिज्या हळूहळू कमी केल्याने तो भार सोसेल इतका राहतो.

चाकं तीन जागी असतात: रुळाच्या वर, बाजूला आणि खाली. उलटं असताना गाडी रुळावर राहते ती खालच्या चाकांमुळे. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत चाकं आणि वंगण थंड असतं, तेव्हा गाडी जराशी मंद जाते. दुपारनंतर सैल सुटते. फरक थोडा असतो, पण दोन्ही वेळा बसणाऱ्याला कळतो.

जागा कोणती घ्यायची

पहिल्या रांगेत समोर काहीच नसतं. वारा, देखावा आणि लोंबकळणारे पाय हा सगळा अनुभव तिथला. शेवटच्या रांगेत पहिला उतार सर्वांत जोरदार लागतो. कारण सोपं आहे: पुढचा अर्धा भाग माथ्यावरून खाली जायला लागल्यावर गाडीला वेग येतो, आणि मागचे लोक त्या वेगाने माथ्यावरून ओढले जातात. पुढचे त्याच जागी जवळजवळ थबकलेले असतात. मधल्या रांगा सर्वांत सौम्य. भित्र्याने मधली रांग आणि त्यातही आतली दोन आसनं घ्यावीत, कारण गिरकीत कडेची आसनं जास्त मोठा फेरा घेतात.

पहिल्या रांगेसाठी बहुधा वेगळं थांबावं लागतं. गर्दीच्या दिवशी त्याच वेळात दुसरी एखादी राइड होते. त्यामुळे पहिली फेरी मिळेल त्या आसनावर करा आणि पुढची रांग शेवटच्या तासासाठी राखून ठेवा.

बसण्याआधी आणि बसल्यावर

उंचीची अट फाटकावरच्या पट्टीवर मोजतात आणि त्यात सूट नाही. मोठ्या राइड्ससाठी १४० सेंटिमीटरचा आकडा मनात धरा आणि मुलाची उंची घरीच, बूट काढून, भिंतीला टेकवून मोजा. तासभर रांगेत उभं राहून दोन सेंटिमीटरसाठी परतलेलं मूल उरलेला दिवस कुणालाच सुखाने काढू देत नाही. गरोदर स्त्रिया, हृदयविकार, उच्च रक्तदाब, फिट्स, मानेचा वा पाठीचा जुना त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया: यांपैकी काहीही असेल तर नायट्रोचा विचार सोडा.

खिसे रिकामे करा. शर्टाच्या खिशातला मोबाइल हमखास पडतो; पँटच्या खिशातलाही उलटं होताना सरकतो. लॉकर भाड्याने मिळतात, एका कुटुंबाला एक पुरतो. चष्म्याला मागून दोरी लावा. ओढणी उतरवा, मंगळसूत्र आणि साखळ्या कपड्याच्या आत घ्या, लांब केस बांधा. कवळी आणि कानातलं श्रवणयंत्र काढून ठेवा, याची आठवण कोणी करून देत नाही.

आसनावर बसताना आधी कंबर पूर्ण मागे सरकवा, पाठ आणि डोकं टेकवा, मग खांद्यावरचा बार खाली ओढा. बहुतेकजण उलट करतात: पुढे घसरलेल्या अवस्थेत बार लावतात, वेग आल्यावर अंग मागे जातं आणि गिरकीत कान बारावर आपटत राहतात. बाराच्या खालच्या टोकाला पट्टा असतो, तो अडकल्याचा खट्ट आवाज यायला हवा. अंग मोठं असेल आणि पट्टा लागत नसेल तर कर्मचारी उतरवतात. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. सगळे बार ठरलेल्या स्थितीत आल्याशिवाय गाडी सोडता येत नाही.

डोळे उघडे ठेवा आणि नजर पुढच्या रुळावर. डोळे मिटले की कानातला तोल सांभाळणारा अवयव एक सांगतो आणि डोळे काहीच सांगत नाहीत. मळमळ तिथूनच सुरू होते. उताराच्या तळाशी अंग जड होतं तेव्हा मांड्या आणि पोट आवळा, श्वास रोखून धरू नका. काहींना तिथे क्षणभर डोळ्यांपुढे करडं दिसतं. तसं झालं तर उतरल्यावर दहा मिनिटं बसा, पाणी प्या, पुढची मोठी राइड अर्ध्या तासाने घ्या.

रिकाम्या पोटी बसणं भरल्या पोटी बसण्याइतकंच वाईट. तासभर आधी पोहे, इडली असं हलकं खा. मिसळ, वडापाव नंतर. ताक-दूध तर दुपारपर्यंत नकोच.

गाडी मध्येच थांबली तर

घाबरायचं कारण नसतं, पण का थांबली हे माहीत असलेलं बरं. रूळ काही टप्प्यांत वाटलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. फलाटावर कोणी पट्टा लावायला उशीर केला, आधीची गाडी सुटलीच नाही, तर मागची गाडी शेवटच्या ब्रेकवर थांबते. ते रोजचंच आहे. एखाद्या संवेदकाने शंकास्पद नोंद दिली तर चढावर असलेली गाडी साखळीवरच थांबवतात. चढाच्या बाजूला पायऱ्या असतात, वेळ आलीच तर कर्मचारी तिथून एकेकाला उतरवतात. स्वतः बार सोडवायची खटपट करू नका.

रांग बराच वेळ हलत नसेल तर फलाटाकडे पाहा. दोनऐवजी एकच गाडी फिरत असेल तर रांगेला जवळजवळ दुप्पट वेळ लागणार. अशा वेळी रांग सोडून दुपारी उशिरा परत येणं शहाणपणाचं.

पार्कातला दिवस कसा लावायचा

फाटक उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. तिकीट ऑनलाइन काढलेलं असलं तरी बॅगांची तपासणी असतेच आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बाळाचं अन्न आणि औषधं सोबत असतील तर आधीच दाखवा. आत गेल्यावर फोटो काढत न थांबता सरळ नायट्रो. सकाळी ती रिकामी फिरताना दिसली तर चाचणी चालू आहे. तोवर जवळच्या राइडवर जाऊन या.

त्यानंतर डेअर टू ड्रॉप आणि स्क्रीम मशीन. स्क्रीम मशीन हा फिरता झोका आहे, गोल फिरत वर जातो, आणि मळमळ नायट्रोपेक्षा याच्यावर जास्त होते. नायट्रो आणि स्क्रीम मशीन लागोपाठ घेऊ नका. ऊन चढलं की छपराखाली शिरा. डीप स्पेस ही अंधारातली कोस्टर चढ चढत नाही, मोटरच्या झटक्याने सुटते. रूळ दिसत नसल्याने वळणाची तयारी करता येत नाही, म्हणून इथे मान टेकलेलीच ठेवा.

भिजवणाऱ्या राइड्स, म्हणजे राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर आणि स्प्लॅश अहॉय, दुपारी दोन ते चारच्या मध्ये घ्या. ओल्या जीन्सने उरलेला दिवस चालणं ही शिक्षा आहे. पटकन वाळणारे कपडे आणि एक कोरडा जोड लॉकरमध्ये असू द्या. राजासॉरस हे नाव कल्पनेतलं नाही, बरं का. गुजरातेत रहियोलीला सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये या मांसाहारी डायनासोरचं वर्णन झालं. तो वावरत होता त्या कालखंडाच्या अखेरीसच दख्खनचा लाव्हा वाहिला, आणि पार्कातून दिसणारे सह्याद्रीचे कडे त्याच लाव्ह्याचे आहेत. मुलांना राइडच्या रांगेत सांगायला हा विषय चांगला पुरतो.

लहान मुलं असतील तर दोन गट करा. मोठे नायट्रोवर असताना दुसऱ्याने मुलांना टबी टेक्स ऑफ, मॅजिक कॅरोसेलकडे न्यावं आणि मग अदलाबदल करावी. एक्सप्रेस तिकिटाने वेगळी, छोटी रांग मिळते. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत ते पैसे वसूल होतात, मंगळवारी फुकट जातात.

वॉटर पार्क आणि स्नो पार्कची तिकिटं वेगळी असतात. वॉटर पार्कमध्ये नायलॉन किंवा लायक्राचे पोहण्याचे कपडे लागतात. सुती कपड्यांचे धागे गाळणीत अडकतात म्हणून ते चालत नाहीत. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी करू नका. स्नो पार्क हा थोड्या वेळाचा खेळ आहे, जाकीट-बूट तिथेच देतात. मोजे मात्र आपले न्या.

शेवटच्या तासात बसगाड्यांनी आलेले गट निघतात आणि नायट्रोची रांग आटते. पहिल्या रांगेत बसायची वेळ हीच. रांगेचं फाटक बंद होण्याची नेमकी वेळ आधी विचारून ठेवा, पार्क बंद होण्याच्या वेळेपेक्षा ती वेगळी असू शकते.

दुसरा दिवस

मुक्काम पार्कच्या आवारातल्या हॉटेलात, खोपोलीत किंवा पालीत करता येतो. पालीत साधे भक्तनिवास आणि लॉज आहेत, पैसे कमी लागतात आणि सकाळचं दर्शन सोपं होतं.

बल्लाळेश्वराला जितक्या लवकर जाल तितकं बरं. मंदिर पूर्वाभिमुख आहे, दगडी आहे, आणि आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायची पद्धत आहे. आवारातली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली, पोर्तुगीजांकडून आलेली. संकष्टी, अंगारकी आणि माघी चतुर्थीच्या जत्रेला रस्ताच तुंबतो. पंचांग पाहून तारीख ठरवा.

पालीच्या डोक्यावर सरसगड उभा आहे. पायथ्यापासून वर जायला दीड-दोन तास, आणि शेवटचा टप्पा कातळात खोदलेल्या उंच पायऱ्यांचा. नायट्रोवर ज्यांचे पाय थरथरले त्यांना या पायऱ्या उतरताना जास्त भीती वाटते. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात, तेव्हा नको. उतरल्यावर उन्हेरेच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जा, पालीपासून चार किलोमीटरच्या आत आहेत. सुधागड याच तालुक्यात आहे, पण त्याला अख्खा दिवस लागतो. त्याला या बेतात घुसडू नका.

खोपोलीकडे परतताना चावणीच्या फाट्याने आत वळून उंबरखिंड पाहावी. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला इथेच कोंडीत पकडलं. अंबा नदीच्या पात्रालगत स्मारक आहे. गर्दी नसते, खायलाप्यायला काही मिळत नाही, पाणी बरोबर ठेवा. जागेवर उभं राहून दोन्ही बाजूंचे डोंगर पाहिले की फौज का अडकली हे आपोआप समजतं. मुसळधार पावसात अंबा नदी झपाट्याने चढते, जांभुळपाड्याने जुलै १९८९ मध्ये तिचा भयंकर पूर पाहिला आहे. पाणी पुलाला लागलेलं दिसलं तर गाडी घालू नका.

खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचं मंदिर आहे. टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून इथेच, घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली आणून ते चालतं. झेनिथ धबधब्यावर पावसाळ्यात माणसं वाहून गेलेली आहेत, बंदीचा फलक असेल तर मुकाट्याने मागे फिरा.

महड शेवटी, जुन्या महामार्गाने मुंबईकडे जाताना. मोबाइलला पत्ता सांगताना ‘महड, खालापूर’ असं पूर्ण टाका. नुसतं टाकलं तर तो रायगडाजवळच्या महाडला नेऊन सोडू शकतो, आणि ते कितीतरी लांब आहे. पुणेकरांनी महड सकाळी उरकावं आणि घाट चढून कार्ले लेणी किंवा लोहगड घ्यावा. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्यापासून सुटीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणं अवघड झालं आहे.

रविवारी घरी परतत असाल तर दुपारी तीनपर्यंत रस्त्याला लागा. लोणावळ्याहून उतरणारी गर्दी त्यानंतर खालापूर टोलनाक्यावर साचते आणि रात्री नऊशिवाय सुटत नाही. तेवढं जमलं नाही तर खोपोलीच्या शिळफाट्यावर वडापाव खाऊन जुन्या रस्त्यानेच पनवेल गाठा.